किळस कोणाची, काम कोणाचें?

विषय थोडा ओंगळ आहे, हें आम्ही आरंभींच मान्य करितों. ज्या पानांवर काव्यशास्त्रविनोद चालावयाचा, तेथें कुत्र्याच्या पिलाच्या विष्ठेची चर्चा कशाला, असें म्हणून कोणी नाक मुरडील, तर त्याचा आम्हांस राग येणार नाहीं. उलट त्या नाक मुरडण्याचाच आम्हांस येथें विचार करावयाचा आहे. नीतीचे प्रश्न केवळ रणांगणावर किंवा न्यायासनापुढेंच उभे राहतात असें नाहीं; ते घराच्या गॅलरीच्या कोपऱ्यांतही उभे राहतात, आणि तेथें पाहणारा कोणी नसल्यामुळें त्यांचा निकाल बहुधा वाईट लागतो.

प्रकार बहुतेकांच्या परिचयाचा आहे. घरांत दोन-अडीच महिन्यांचें पिलूं येतें. त्याचें नामकरण होतें, मुलें त्यास मांडीवरून खालीं ठेवीत नाहींत, शेजारीपाजारी पाहून जातात. चार दिवस असे कौतुकांत जातात, आणि पांचव्या दिवशीं कोणाच्या तरी दृष्टीस पडतें कीं, पिलूं आपलीच विष्ठा खात आहे. त्या क्षणीं घराची मुद्रा पालटते. ज्यानें सकाळीं त्याचा मुका घेतला तो चूळ भरावयास धांवतो. आजीबाई त्यास स्वयंपाकघराचा उंबरठा बंद करितात. आणि घरांतील कर्ता पुरुष वर्तमानपत्राची गुंडाळी करून न्यायदानास सिद्ध होतो. पिलाचें नाक त्या घाणींत दाबावें, दोन तडाखे द्यावेत, विष्ठेवर मिरपूड टाकून ठेवावी, असे उपाय जो तो सांगतो. आणि त्यांतून कांहीं साधलें नाहीं म्हणजे 'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाहीं' या म्हणीवर सर्वांचें एकमत होतें.

या न्यायदानाच्या मुळाशीं तीन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. त्या कोणी बोलून दाखवीत नाहीं इतकेंच. पहिली, घाण ही त्या वस्तूंतच आहे. दुसरी, ती घाण आहे हें पिलास कळतें, निदान कळावयास हवें. तिसरी, कळत नसल्यास तें शिक्षेनें कळेल. या तिन्ही गोष्टी क्रमानें तपासून पाहण्याजोग्या आहेत; कारण आमच्या मतें तिन्ही चुकीच्या आहेत, आणि त्या चुकीचा परिणाम कुत्र्यापुरता थांबत नाहीं.

पहिली गोष्ट घेऊं. कुत्र्याचें पिलूं जन्मतें तेव्हां त्याचे डोळे मिटलेले असतात, आणि त्यास आपण होऊन मलमूत्राचें विसर्जनही करितां येत नाहीं. आई त्याचें पोट व मागचें अंग जिभेनें चाटते तेव्हां कोठें विसर्जन होतें. आणि जें बाहेर पडतें तें ती तेथल्या तेथें खाऊन टाकते. पहिले सुमारें तीन आठवडे हा क्रम चालतो, आणि त्यामुळें पिलांची निजण्याची जागा कोरडी व स्वच्छ राहते. आपण ज्यास घाण खाणें म्हणतों तोच त्या माउलीचा केरवारा आहे! सशाची गोष्ट याहून पुढची. तो आपल्या मऊ लेंड्या गुदद्वारापाशींच तोंड नेऊन खातो, आणि तसें न केल्यास त्याचें पोषणच पुरतें होत नाहीं. २०१८ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील बेंजामिन हार्ट व त्यांचे सहकारी यांनीं सुमारें तीन हजार कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती मिळवून एक निबंध प्रसिद्ध केला. सुमारें १६ टक्के कुत्र्यांस विष्ठा खाण्याची सवय जडलेली त्यांस आढळली, आणि खाल्ली जाणारी विष्ठा बहुधा दोन दिवसांच्या आंतली असते असें दिसून आलें. ताज्या विष्ठेंतील कृमींचीं अंडीं लागलींच बाधक होत नाहींत. तेव्हां ती ताजी असतांनाच खाऊन टाकून आपली गुहा निर्मळ राखण्याची ही लांडग्यांच्या कुळांतील जुनी रीत असावी, असा तर्क त्यांनीं मांडला आहे. हा तर्क आहे, सिद्धांत नव्हे. पण ज्या कृत्यास आपण घाणेरडेपणाचा कळस समजतों, त्याच्या उगमाशीं स्वच्छतेचीच प्रेरणा असूं शकते, एवढें त्यावरून निश्चित दिसतें.

आणि दूर कशास जावें? ज्या अंगणांत कुत्र्यानें घाण केली म्हणून घागरभर पाणी ओतलें जाई, तेंच अंगण गाईच्या शेणानें सारवून पवित्र केलें जात असे. आणि पंचगव्याच्या रूपानें तें शेण, थेंबभर कां होईना, पोटांतही जात असे. मेरी डग्लस या इंग्रज विदुषीनें १९६६ सालीं 'प्यूरिटी अँड डेंजर' हा आपला ग्रंथ लिहिला, तेव्हां जागा चुकलेली वस्तु म्हणजे घाण, या जुन्या व्याख्येचा तिनें आधार घेतला. ती व्याख्या आमच्या अंगणास तंतोतंत लागू पडते.

याचा अर्थ सर्व कांहीं सारखेंच, असा कोणी काढूं नये. दुसऱ्या जनावरांच्या शिळ्या विष्ठेंतून कृमि व रोगजंतु पिलाच्या पोटांत जाऊं शकतात. आणि जें तोंड विष्ठेस लागलें तेंच मुलाच्या गालास लागतें. अपाय खरा आहे. परंतु अपाय ही एक गोष्ट आणि किळस ही दुसरी. अपाय हा वस्तूचा धर्म आहे. किळस हा पाहणाराचा. अपाय टाळण्याचा अधिकार आम्हांस आहे. पण आमच्या किळसेबद्दल दुसऱ्यास अपराधी ठरविण्याचा अधिकार त्यावरून सिद्ध होत नाहीं.

आतां दुसरी गोष्ट. कर्ता पुरुष म्हणतो, "त्याला सगळें समजतें, पाहा, कसे कान पाडून, शेपूट पायांत घालून बसलें आहे!" हा पुरावा वरवर मोठा बळकट दिसतो. न्यूयॉर्क येथील बर्नार्ड महाविद्यालयांतील अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या विदुषीनें २००९ सालीं नेमकी याच पुराव्याची परीक्षा केली. खाऊला तोंड लावावयाचें नाहीं असें कुत्र्यास बजावून धनी खोलीबाहेर जाई. परत आल्यावर कुत्र्यानें आज्ञा मोडली कीं पाळली हें त्यास सांगितलें जाई, आणि कित्येकदां मुद्दाम खोटें सांगितलें जाई. निष्पन्न असें झालें कीं, ती अपराधी मुद्रा खऱ्या अपराध्यांत अधिक दिसली असें मुळींच नाहीं. ती धन्याच्या रागावण्यास जोडलेली होती. आणि ज्यांनीं कांहींच केलें नव्हतें पण जीं रागें भरलीं गेलीं, त्या कुत्र्यांच्या ठिकाणीं ती उलट अधिकच दिसली. तात्पर्य, ज्यास आपण पश्चात्ताप म्हणतों तें केवळ भय असतें. अनेक वर्षें शिकविण्याच्या धंद्यांत घालविल्यावर आम्हांस असें वाटूं लागलें आहे कीं, ही परीक्षा कुत्र्यांपुरतीच खरी नसावी. वर्गांत मान खालीं घालून उभ्या राहिलेल्या मुलाच्या मनांत काय आहे, हें तरी त्याच्या मानेवरून कोणास कळलें आहे?

कुत्र्याचें राहो, मनुष्याच्या बालकास तरी ही जाण उपजत असते काय? पॉल रोझिन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८६ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत शेंगदाण्याचें लोणी व उग्र वासाचें चीज यांपासून कुत्र्याच्या विष्ठेसारखा गोळा करून तो लहान मुलांपुढें ठेवला होता. दोन वर्षांच्या आंतील निम्म्याहून अधिक मुलांनीं तो खुशाल तोंडांत घातला. किळस मूल शिकतें, आणि तें आईच्या मुद्रेवरून शिकतें. आमच्या भाषेंत तर बाळाची 'शी' आणि किळसेचा उद्गार 'शी!' हा एकच शब्द आहे. वस्तु आणि वस्तूविषयींचा निवाडा मराठी मूल एकाच उच्चारांत शिकतें. मोठेपणींही ही किळस किती निरनिराळी असते याचें एक मार्मिक उदाहरण डार्विननें भावनांच्या आविष्कारावरील आपल्या १८७२ सालच्या ग्रंथांत दिलें आहे. तिएरा देल फुएगो येथें तो थंड, टिकवून ठेवलेलें मांस खात असतां एका स्थानिक मनुष्यानें त्यास बोट लावून पाहिलें, आणि त्याच्या मऊपणाची त्यास शिसारी आली. इकडे डार्विनला त्या उघड्या मनुष्यानें आपल्या अन्नास हात लावला याचीच शिसारी आली, वास्तविक त्याचे हात मळके दिसत नव्हते. दोघेही प्रामाणिक होते, आणि दोघांनाही वाटत होतें कीं घाण समोर आहे.

तिसरी गोष्ट शिक्षेची. येथें क्षणभर पिलाच्या बाजूनें हिशेब करून पाहावा. तें विसर्जन करितें, धनी ओरडत येतो, मार बसतो. यावरून त्यानें काय शिकावें? खाणें वाईट, हें? कीं धन्यासमोर विसर्जन करणें वाईट, हें? कीं ही वस्तु पडलेली दिसली म्हणजे मार बसतो, तेव्हां धनी येण्यापूर्वीं ती नाहींशी केलेली बरी, हें? शेवटचें अनुमान तर्कशास्त्राच्या दृष्टीनें निर्दोष आहे; आणि तें काढणारें पिलूं पूर्वींपेक्षां घाईनें खाऊं लागेल, हें उघड आहे. शिक्षाच येथें अपराधाची आई होते. हार्ट यांच्या निबंधांत या उपायांचाही झाडा घेतला आहे. ही खोड मोडण्यासाठीं बाजारांत विकल्या जाणाऱ्या ११ औषधांपैकीं एकाचेंही यश शंभरांत दोहोंहून अधिक नव्हतें. मिरपूड व गळ्यांतील पट्ट्याचा झटका यांचीही प्रतिष्ठा तितपतच राहिली.

मग काय करावें? पिलाचें विसर्जन बहुधा जेवणानंतर आणि झोपेंतून उठल्यावर होतें. त्या वेळीं धन्यानें दोरी हातीं धरून जवळ उभें राहावें. विसर्जन होतांच पिलास प्रेमानें दूर बोलवावें, हातचा खाऊ द्यावा. आणि विष्ठा तत्काळ स्वतः उचलून टाकावी. त्यास पोटभर व योग्य अन्न मिळतें कीं नाहीं हें पाहावें, जंताचें औषध वेळच्या वेळीं द्यावें, आणि सवय टिकूनच राहिली तर पशुवैद्यास दाखवावें; कारण अन्न अंगीं न लागणें, स्वादुपिंडाचा विकार, भूक वाढविणारीं औषधें, अशीं शारीरिक कारणेंही तिच्या मुळाशीं असूं शकतात. त्यास दिवसभर एकटें कोंडूं नये. ज्यास खेळावयास कांहीं नाहीं तें जें सांपडेल त्याशीं खेळतें. पुष्कळ पिलें वाढतां वाढतां ही संवय आपोआप सोडतात. सर्व उपायांत खात्रीचा उपाय एकच, आणि तो हास्यास्पद वाटण्याइतका साधा आहे: जें खाऊं नये असें आपणांस वाटतें तें तेथें राहूंच देऊं नये.

या साध्या उपायांत आमच्या मतें एक मोठें नीतितत्त्व आहे, आणि तेंच सांगण्यासाठीं हा सर्व खटाटोप. ज्यास घाण दिसते त्यानें ती काढावी. किळस ज्याची, काम त्याचें. यावर कोणी म्हणेल, हा तर शहाण्यास दंड झाला. अडाण्यानें करावें आणि जाणत्यानें निस्तरावें! होय, तसेंच आहे. जाण हें केवळ भूषण नव्हे, तें ऋण आहे. कायद्यासही हें तत्त्व ठाऊक आहे. १८६० सालच्या भारतीय दंडसंहितेच्या ८२ व्या कलमानें सात वर्षांखालील बालकाचें कोणतेंही कृत्य अपराध मानलेलें नव्हतें. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेनेंही आपल्या २० व्या कलमांत तोच नियम कायम ठेविला आहे. जेथें जाण नाहीं तेथें अपराध नाहीं. जेथें अपराध नाहीं तेथें शिक्षा हा केवळ राग होय. अशा ठिकाणीं जाणत्याकडे दोनच मार्ग उरतात, परिस्थिति बदलणें आणि धीरानें शिकविणें. हे दोन्ही मार्ग कष्टाचे आहेत, म्हणूनच वर्तमानपत्राची गुंडाळी इतकी लोकप्रिय आहे.

आमच्या समाजाच्या इतिहासाकडे पाहिलें म्हणजे हें तत्त्व किती महाग पडलें आहे तें कळतें. मनुष्याची तुलना येथें कोणी जनावराशीं करीत नाहीं. दोहोंकडे समान आहे ती आमची किळस. ज्या वर्गास घाणीची जाण सर्वांत तीव्र असल्याचा अभिमान होता, त्यानेंच ती उचलण्याचें काम सर्वांत कमी केलें. तें त्यानें दुसऱ्यांच्या माथीं मारलें, आणि मग वस्तूची किळस उचलणाऱ्या माणसाकडे वळविली. मैला हातानें वाहावयास लावणें १९९३ सालीं कायद्यानें निषिद्ध झालें. तें पुरलें नाहीं म्हणून २०१३ सालीं आणखी कायदा करावा लागला. आणि त्यानंतरही गटारांत उतरलेलीं माणसें गुदमरून मेल्याच्या वार्ता थांबलेल्या नाहींत. याच भूमींत गाडगे महाराज (१८७६–१९५६) यांनीं दुसरा मार्ग दाखविला. ते गांवांत येत ते हातांत खराटा घेऊन. आधीं रस्ते झाडीत, आणि रात्रीं कीर्तनांत लोकांस प्रश्न विचारीत. घाण करणारास त्यांनीं काठी दाखविली नाहीं. ज्यास घाण दिसते त्याच्या हातीं खराटा असावा, एवढेंच त्यांनीं आपल्या हातानें दाखविलें. तें पाहून इतरांचे हात आपोआप खराट्याकडे वळले, यांत नवल नाहीं.

तेव्हां गॅलरींतील त्या चिमुकल्या जीवावर हात उगारण्यापूर्वीं घरांतील कर्त्या पुरुषानें एवढाच विचार करावा कीं, येथें किळस कोणास आली आहे? उत्तर 'मला' असें आलें, आणि तें नेहमीं तसेंच येतें, तर वर्तमानपत्राची गुंडाळी उलगडावी. त्या कागदाचा अधिक चांगला उपयोग समोरच पडलेला आहे.