धांवपट्टीवरील प्रार्थना

आपल्या माणसांसाठीं केलेली प्रार्थना केव्हां अपुरी ठरते? एका ओसाड विमानतळाच्या इतिहासावरून हा प्रश्न आम्हांस सुचला, म्हणून तो वाचकांपुढें ठेवितों.

प्रशांत महासागरांत टिनियन नांवाचें लहानसें बेट आहे. इ. स. १९४४ च्या जुलै महिन्यांत अमेरिकन सैन्य तेथें उतरलें, आणि सुमारें आठवडाभरांत तें बेट जपानच्या हातून गेलें. त्याच्या उत्तर टोकास जपानी विमानतळाच्या जागीं पोंवळ्याचा खडक फोडून साडेआठ हजार फूट लांबीच्या चार धांवपट्ट्या बांधण्यांत आल्या. तेथूनच १९४५ च्या ऑगस्टच्या ६ व्या तारखेस रात्रीं पावणेतीन वाजतां एक विमान अणुबॉम्ब घेऊन हिरोशिमाकडे निघालें. ९ व्या तारखेस दुसरें निघालें, त्याचा बॉम्ब नागासाकीवर पडला. वर्षअखेरपर्यंत हिरोशिमांत सुमारें १,४०,००० व नागासाकींत सुमारें ७०,००० माणसें मेलीं, असा अंदाज आहे. नागासाकीच्या उराकामी भागांत, पिढ्यान्‌पिढ्या छळ सोसून विश्वास राखलेल्या ख्रिस्ती लोकांची वस्ती होती; तीही त्या आगींत सांपडली.

पहिलें विमान निघण्यापूर्वीं सैन्याचे लुथरन पाळक विल्यम डाउनी यांनीं प्रार्थना केली. उडणारे लोक सुखरूप परत यावेत व युद्ध लवकर संपावें, हें त्यांचें मागणें. यांत वाईट तें काय? कोणत्याही पाळकानें हेंच मागितलें असतें. परंतु ज्यांवर तें विमान जाणार होतें, त्यांची आठवण तींत नव्हती. त्याच बेटावर जॉर्ज झाबेल्का नांवाचे रोमन कॅथलिक पाळक होते. नगरांतील बायकामुलांवर बॉम्ब पडत असतां आपण त्याविरुद्ध एक शब्दही बोललों नाहीं, असें त्यांनीं पुढें उघडपणें कबूल केलें, आणि उतारवयांत ते शांतीचा उपदेश करीत राहिले.

त्या बॉम्बमुळें युद्ध आटोपून पुष्कळांचे प्राण वांचले, असें म्हणणारे आहेत. इतरांस तें मान्य नाहीं. तो वाद येथें मिटणार नाहीं. पण तें म्हणणें खरें धरलें, तरी मरणाऱ्यांस विसरण्याची मोकळीक त्यानें मिळत नाहीं.

बंधूंनो, आपल्या गांवींही बांधाचा तंटा होतो. तालुक्यास खटल्यासाठीं निघालेला सभासद उपदेशकास म्हणतो, "मास्तर, आमच्यासाठीं प्रार्थना करा." ती अवश्य करावी. पण बांधापलीकडच्या घराचेंही नांव त्याच प्रार्थनेंत, त्याच्या देखत घ्यावें. त्यास राग आला, तर येऊं द्यावा. ज्याचें नांव आपण देवापुढें घेतलें, त्याच्या नाशास हातभार लावणें मनुष्यास जड जातें.

युद्धानंतर टिनियनच्या त्या पट्ट्यांवर रान माजलें होतें. २०२४ सालीं अमेरिकन वायुदलानें तें तोडून त्या पुन्हां मोकळ्या करण्याचें काम चालविलें. तेथें पुन्हां कोणी पाळक उभा राहील, तर त्यानें दोन्हीं तीरांच्या माणसांसाठीं मागावें, इतकेंच आमचें म्हणणें आहे.