सत्त्वपरीक्षा की दावा? : ईयोबाच्या कथेचा एक अन्वय

ईयोबाच्या ग्रंथात प्रारंभीच नायकासाठी मराठी बायबलने 'सात्त्विक' हा शब्द योजिला आहे. मूळ हिब्रू 'ताम' या शब्दात अखंडत्वाचा, न भंगलेपणाचा अर्थ आहे; मराठी शब्द मात्र सत्त्वपरीक्षेची सारी कथापरंपरा आपल्याबरोबर घेऊन येतो. हरिश्चंद्र, श्रियाळ-चांगुणा यांच्या पंक्तीस ईयोब सहज जाऊन बसतो, आणि येथेच वाचकाची फसगत होते. चिलया बाळ परत येतो, रोहिदास उठून बसतो. परीक्षा सरताच दुःख जणू घडलेच नव्हते. ईयोबाला उपसंहारात सात हजारांऐवजी चौदा हजार मेंढरे मिळतात. मुले मात्र दहाच्या जागी दहाच, आणि तीही नवी. मेलेली मुले मेलेलीच राहतात. हा हिशेब संहितेने उघड मांडलेला नाही, पण तो जुळतही नाही.

अलीफज, बिल्दद आणि सोफर हे मित्र सात दिवस, सात रात्री मुकाट्याने ईयोबाजवळ बसतात. (त्यांनी केलेले चांगले काम एवढेच.) पुढे त्यांची मीमांसा सुरू होते : दुःख आहे, त्याअर्थी पाप असलेच पाहिजे. हे आपल्या प्राक्तनविचाराच्या जवळचे वाटते. परंतु कर्मसिद्धान्ताला पूर्वजन्माचा आधार घेता येतो, मित्रांपाशी तो नाही. म्हणूनच बाविसाव्या अध्यायात अलीफजाला पापे रचावी लागतात : तान्हेल्याला पाणी दिले नाही, विधवांना रिक्त हस्ते लावून दिले. सिद्धान्त टिकावा म्हणून गुन्हा निर्माण केला जातो. अशा वेळी पाप कबूल करणे सोपे होते, धार्मिकही दिसले असते. ईयोब ते नाकारतो. त्याचे सत्त्व सोसण्यात नसून खोटी कबुली न देण्यात आहे. एकतिसाव्या अध्यायात तर तो प्रतिवाद्याकडे लेखी आरोपपत्रच मागतो. याकोबाच्या पत्राने पुढे त्याच्या धीराची थोरवी गायिली, आणि तिसऱ्या अध्यायापासूनचा हा तंटा परंपरेच्या स्मरणातून बाजूला पडला.

सुरगाण्यासारख्या आदिवासी तालुक्यात या तंट्याला वेगळा संदर्भ मिळतो. तेथे पैज लावणारा देव नाही आणि दुःखाचे कारणही गूढ नाही, त्यामुळे एकास एक साम्य शोधण्याचा मोह आवरलेला बरा. तरीही कसलेल्या वनजमिनीवर 'अतिक्रमणदार' ठरणे म्हणजे आरोप आधी आणि गुन्हा नंतर, हीच मित्रांची रीत होय. २००६ च्या वनहक्क कायद्याने आपल्या प्रास्ताविकात ऐतिहासिक अन्यायाची कबुली दिली. मात्र १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या ताब्याचे पुरावे जोडून दावा करण्याचे ओझे अन्याय सोसणाऱ्यावरच राहिले.

मार्च २०१८ मध्ये सुरगाण्यासह नाशिक जिल्ह्यातील आदिवासी शेतकरी पायी मुंबईस निघाले. दहावीच्या परीक्षार्थींची अडचण होऊ नये म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी ११ मार्चच्या रात्रीच चालून संपविला. शहराने त्या समंजसपणाचे फार कौतुक केले. मागणी पट्ट्यांची होती.