खाली पडलेले संत्रे कोणाचे?



आंबिया बहाराची तोडणी आटोपली की नेर-दारव्ह्याकडच्या संत्राबागांत सल काढायचे काम निघते. वाळलेल्या फांद्या कापायच्या, कापलेल्या जागी बोर्डो मलम लावायचे आणि कापलेले सारे धुऱ्यावर नेऊन पेटवून द्यायचे. कपाशीच्या पऱ्हाटीचेही आपण तेच करतो. पावसाळ्यात गळलेली फळे तर झाडाखालीच सडतात, आणि त्यांतली बुरशी पुन्हा त्याच बागेला लागते.

याचे खत होते हे आपण ऐकून आहोत. मात्र नुसती संत्री ढिगात टाकून चालत नाही. सालीतले तेल आणि आंबटपणा गांडुळांना सोसत नाही; शेण व पालापाचोळा मिसळून आधी काही आठवडे कुजू द्यावे लागते. एवढी खटपट कोण करतो? काडी ओढणे सोपे!

कोस्टा रिका देशात १९९० च्या दशकाच्या अखेरीस रस काढणाऱ्या एका कंपनीने सुमारे १२,००० टन साली व चोथा एका उजाड कुरणावर टाकला. दुसरी कंपनी कोर्टात गेली. ही घाण आहे, असे तिचे म्हणणे. कोर्टाने काम थांबवले. २०१३ मध्ये अभ्यासक तिथे गेले तेव्हा त्या जागी दाट रान उभे होते. शेजारच्या जमिनीपेक्षा झाडोरा १७६ टक्के जास्त, असे २०१७ साली प्रसिद्ध झाले.

इथपर्यंत सर्व ठीक. आम्हाला अडवणारा प्रश्न निराळा आहे. सल काढल्यावर त्यातली चार लाकडे मजूर बाई चुलीसाठी नेते. गळलेल्यातली बरी फळे पोरे वेचतात. टाकाऊ आहे तोवर कोणी हटकत नाही. उद्या त्याच काडीकचऱ्याला किंमत आली, की मालक कुंपणाशी उभा राहील. म्हणजे आपण कचरा वाचवला आणि गरिबाचा वाटा घालवला, असे होईल काय?

आपल्याकडे ‘सरवा’ हा जुना शब्द आहे. रूथ, परक्या देशातली विधवा, बवाजाच्या शेतात सरवाच वेचत होती. लेवीय ग्रंथाच्या १९ व्या अध्यायात तर द्राक्षमळ्यात पडलेली फळे मालकाने गोळा करू नयेत, ती गरिबासाठी व परक्यासाठी राहू द्यावीत, असे सांगितले आहे. हे दान नव्हे. तो नियम आहे. बाग व्यापाऱ्याला दिलेली असली तरी हा वाटा सौद्यात जाऊ नये, असे आम्हाला वाटते.

मिस्सानंतर एका बागायतदार बांधवाशी हे बोललो. तो म्हणाला, “सारं सरपण बायाइनं नेलं तं माह्या वावरानं काय खावाव?” प्रश्न खोटा नाही. जमीनही भुकेली आहे. जाड लाकूड बाईला, बरी फळे पोरांना, आणि पाला व सडके ते शेणात कालवून वावराला, असे आम्ही सुचवले.

“पाहू,” म्हणाला. यंदा त्याने धुरा पेटवलेला नाही, एवढे आम्ही पाहिले.