क्योतोचा मासा आणि पंचसूना

क्योतो हे जपानच्या जुन्या राजधानीचे नगर समुद्रापासून दूर, डोंगरांच्या वेढ्यात वसलेले. वाकासाच्या उपसागरातील बांगडे मीठ लावून डोंगरवाटांनी तेथे आणीत, आणि त्या वाटेस आजही बांगड्याचा रस्ता म्हणूनच ओळखतात. ज्या राजधानीस ताजी मासळी दुर्लभ, तिनेच ती मुरवून भाजण्याची कला परमावधीस न्यावी हे स्वाभाविकच होय. आपल्या सुरमईच्याच कुळातील सावारा माशाच्या तुकड्यांस मीठ लावून सुटलेले पाणी टिपून घ्यावयाचे, तांदळावर वाढविलेल्या बुरशीने सोयाबीन आंबवून केलेल्या पांढऱ्या, गोडसर मिसोमध्ये साके आणि मिरिन ही तांदळाची मद्ये कालवून त्या लेपात ते दोन-तीन दिवस ठेवावयाचे, आणि त्या अवधीत प्रथिनांचे विघटन होऊन मासा आतून मधुर झाला म्हणजे लेप फडक्याने हळूच पुसून काढावयाचा, कारण त्यातील शर्करा विस्तवावर पाहता पाहता करपते. निखारे प्रखर असावेत, मासा मात्र त्यांपासून दूर. मासा भाजण्याचे काम सरदाराकडे द्यावे अशी जपानी लोकांत म्हण आहे; ज्याला घाई नाही तो उगाच उलथापालथ करीत नाही, एवढाच तिचा आशय. मेदाचा थेंब निखाऱ्यावर पडून धूर उठतो, कडा तांबूस होतात, आणि सैक्योयाकी या नावाने विख्यात असलेला हा पदार्थ सिद्ध होतो.

परंतु ज्याची इतकी शुश्रूषा करावयाची तो जीव आपणच मारविलेला असतो, आणि ज्या देशाने सहाव्या शतकात बुद्धाचा धर्म स्वीकारला त्याला हा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता. सम्राट तेन्मू याने 675 साली फर्मान काढून वर्षातील काही महिने गाय, घोडा, कुत्रा, माकड व कोंबडी यांच्या मांसास मनाई केली. त्या यादीत मासा नाही. विनयपिटक या भिक्षुनियमांच्या ग्रंथाचा दंडक असा की, आपल्यासाठी मारलेला पाहिला नाही, ऐकला नाही आणि तसा संशयही नाही, असे मांस भिक्षूने भिक्षेत स्वीकारावे. संघातील भिक्षू देवदत्ताने मत्स्यमांसाच्या सरसकट निषेधाची मागणी केली असता बुद्धाने ती मान्य केली नाही, आणि आपल्या धर्मानंद कोसंबींनी ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात या विषयाची चर्चा ज्या निर्भयपणे केली तिच्याबद्दल त्यांना रोषही पत्करावा लागला. उलटपक्षी महायानातील लंकावतारसूत्र मांसाहाराचा कठोर धिक्कार करते. जपानमधील मठांनी शाकाहाराचा मार्ग धरला; पुढे 1872 साली मेइजी सरकारने भिक्षूंना मांसाहाराची व विवाहाची मुभा दिली, ती राज्यकारणाची गोष्ट.

सामान्य गृहस्थाने मात्र निराळीच वाट काढली. मारलेल्या माशांच्या स्मरणार्थ तो शिळा उभारतो आणि श्राद्धासारखा विधी करतो. तोक्योत त्सुकिजी येथील नामियोके देवस्थानाच्या आवारात माशांसाठी आणि कोळंबीसाठी अशा शिळा उभ्या आहेत. आपल्या धर्मशास्त्रालाही ही जाणीव अपरिचित नाही. चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा ही गृहस्थाच्या घरातील पाच हिंसास्थाने, म्हणजे पंचसूना, मनूने सांगितली आणि त्यांच्या निष्कृतीसाठी पंचमहायज्ञ नेमून दिले. हा विचार फार थोर आहे, कारण शाकाहारी चूलही त्यातून सुटत नाही. तरीही मला त्यात एक उणीव भासते: प्रायश्चित्ताने रोजचा जमाखर्च रोज बेबाक होतो आणि गृहस्थ निश्चिंत मनाने पानावर बसतो, तर त्सुकिजीच्या त्या शिळेसमोर उभा राहणारा मासेविक्रेता देणे फिटले असे म्हणत नाही, ते आपल्या माथी आहे एवढेच तो कबूल करतो.

यावर आक्षेप उघड आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे तोच हात पुन्हा सुरी उचलणार असेल, तर त्या कबुलीतील कृतज्ञतेचे मोल काय? हा आक्षेप मला झटकून टाकता येत नाही; जी कृतज्ञता हाताला आवर घालीत नाही ती मनाची समजूत होय, असेच मी मानतो. तो आवर मला विधीपेक्षा पाकक्रियेत अधिक दिसतो: एका तुकड्यासाठी दोन दिवस थांबावयाचे, शिर आणि काटे यांचा रस्सा करावयाचा, काहीही वाया जाऊ द्यावयाचे नाही.

आणि येथेच एक पेच उरतो. जपानी कोळी पकडलेल्या माशाच्या मेंदूत अणकुचीदार सळई खुपसून त्याला तत्क्षणी मारतात आणि रक्त वाहू देतात. तडफडून मेलेल्या माशाचे मांस लवकर बिघडते, म्हणून ही तजवीज. तिचा हेतू चव हाच आहे. बौद्ध विचारात कर्माचे मूळ चेतनेत, म्हणजे हेतूत असल्याने, येथे करुणेचे पुण्य त्या कोळ्याच्या पदरी पडत नाही, हे मला मान्य करावे लागते. परंतु होडीच्या तळाशी घटकाभर तडफडत पडणे ज्याच्या नशिबी होते त्या माशाच्या बाजूने विचार केला, म्हणजे मारणाऱ्याचा हेतू शुद्ध नव्हता या कारणास्तव ती सळई मी हलकी लेखू शकत नाही.