शहर गावाचे काय देणे लागते?

शिराळा म्हटले की परक्या माणसाला नागपंचमी आठवते. पण बत्तीस शिराळ्याच्या डोंगरकडेच्या गावांतून कित्येक पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत गेल्या. लालबाग-परळच्या गाळ्यांत ही माणसे पाळीपाळीने झोपली, खानावळीत जेवली आणि उरलेल्या पैशाची मनिऑर्डर गावी करीत राहिली.

18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांनी संप पुकारला. तो रीतसर मागे कधीच घेतला गेला नाही. यंत्रे जुनी झाली होती, भिवंडी-इचलकरंजीच्या यंत्रमागांवर कापड स्वस्त निघत होते. गिरण्या कदाचित तशाही बंद पडल्या असत्या. उद्योग बदलतात, आणि त्याबद्दल कोणाला दोष द्यावा असे आम्हांस वाटत नाही. प्रश्न पुढचा आहे. मागे राहिलेली सुमारे सहाशे एकर जमीन कोणाची?

1991 च्या नियमाने मोकळ्या जमिनीचे तीन वाटे ठरले: महापालिका, म्हाडा आणि मालक. 2001 च्या दुरुस्तीने मूळचीच मोकळी असलेली जागा तेवढी वाटणीत धरली, आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य मानली. कायद्याचा निकाल लागला; न्यायाचा लागला का? संपाच्या चारच महिने आधी, सप्टेंबर 1981 मध्ये, पोप जॉन पॉल दुसरे यांनी आपल्या परिपत्रकात भांडवलापेक्षा श्रमाला अग्रमान दिला होता, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेलच.

आम्हांला त्याही पलीकडचे देणे दिसते. कामगाराला लहानाचे मोठे केले गावाने, आजारपणात व म्हातारपणी सांभाळले गावाने. त्याची बायको गावी शेत राखीत होती, म्हणून तर मुंबईला तो थोड्या पगारात परवडला. संपात हजारो कामगार गावी परतले, तेव्हा त्यांना पोसले ते घरच्या जोंधळ्याने. गिरणीच्या हिशेबवहीत या खर्चाचे खाते कधी नव्हतेच.

2012 पासून गिरणी कामगारांच्या घरांची सोडत सुरू झाली. घरे अर्जांच्या मानाने फारच थोडी. तरी कामगार वा त्याचा वारस अर्ज तरी करू शकतो. त्यासाठी गिरणीच्या पटावर नाव लागते. ज्या बायकांच्या खानावळींवर हा सारा कारभार चालला, त्यांचे नाव कोणत्याच पटावर नव्हते.