अजून न आलेल्या माणसाचं देणं

नाशिक, सांगली किंवा साताऱ्याच्या कडेला एनए प्लॉटवर बंगला उभा राहू लागला की मीटर कुठे बसवायचा, यावर घरात चर्चा होतेच. वास्तुशास्त्र आग्नेय दिशा सांगतं, कारण ती अग्नीची. आणि बहुतेक मालक ते मानतात. पण त्या मीटरपासून पंचवीस-तीस मीटरवर, गेटजवळ बांधायच्या गॅरेजला वीज किती आणि कशी न्यायची, हे मात्र वायरमनवर सोडलेलं असतं. तो एक ट्यूब आणि एक प्लग धरून अडीच स्क्वेअरची वायर टाकतो, वरून पेव्हर ब्लॉक बसतात आणि विषय संपतो. माझ्या मते तिथे धर्मविचाराचा एक जुना प्रश्न न सोडवताच बुजवला जातो: जो माणूस अजून आलेलाच नाही, त्याचं आपण काही देणं लागतो का? नीट बांधलेलं घर पन्नास-साठ वर्षं सहज उभं राहतं, पण तितकी वर्षं त्यात तेच लोक राहतील असं नाही. मुलं पुण्याला किंवा परदेशी जातात, बंगला विकला जातो आणि गॅरेजची ती वायर कुणा तिऱ्हाइताच्या वाट्याला येते.

आपल्याकडे देण्याचा विचार ऋणाच्या भाषेत झाला आहे. तैत्तिरीय संहिता ऋषी, देव आणि पितर अशी तीन ऋणं सांगते. शतपथ ब्राह्मण त्यात माणसांच्या ऋणाची भर घालतं. वरवर पाहता या साऱ्याची नजर मागे वळलेली आहे. फेडीची रीत मात्र वेगळं सांगते. पितरांकडून मिळालेलं पितरांना परत करता येत नाही. ते संततीच्या रूपाने फेडायचं असतं. घ्यायचं मागच्यांकडून आणि द्यायचं पुढच्यांना, असा हा हिशेब आहे. पूर्तकर्मात तर रक्ताच्या नात्याचीही अट नाही. विहीर, तळं, धर्मशाळा, रस्त्याकडेची झाडं, या गोष्टी अनोळखी माणसासाठीच असतात. अहिल्याबाई होळकरांनी बांधलेल्या घाटांवर आज कोण उतरतं, हे त्यांना कळणं शक्य नव्हतं. गॅरेजची वायर हे पूर्तकर्म आहे असं मला म्हणायचं नाही. ती शेवटी एका खाजगी कंपाउंडच्या आत आहे. पण पुढे येणाऱ्या परक्या माणसासाठी काही करून ठेवणं आपल्या विचाराला नवं नाही, एवढं यावरून म्हणता येतं.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप पाश्चात्त्य तत्त्वज्ञानातून येतो. मार्टिन गोल्डिंग या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७२ साली भावी पिढ्यांविषयीच्या कर्तव्यावर एक निबंध लिहिला. दूरच्या भविष्यातली माणसं चांगलं जगणं कशाला म्हणतील हेच आपल्याला माहीत नसेल, तर त्यांच्यासाठी नेमकं काय करायचं हे आपण कसं ठरवणार, अशी त्याची अडचण होती. गॅरेजच्या बाबतीत ती अक्षरशः खरी आहे. पुढचा मालक तिथे इलेक्ट्रिक गाडी चार्ज करील, सुतारकामाची यंत्रं लावील, पिठाची गिरणी टाकील की अडगळ भरील, कुणी सांगावं? साध्या १५ अँपिअरच्या प्लगवर सव्वातीन किलोवॅटच्या आसपास वीज मिळते. त्यावर ३० युनिटची बॅटरी भरायला नऊ-दहा तास, म्हणजे अख्खी रात्र जाते. सात किलोवॅटच्या चार्जरला ३२ अँपिअर लागतात आणि ते अडीच स्क्वेअरच्या वायरचं काम नाही. यातलं कुणाला काय हवं असेल, हे आज ओळखता येत नाही.

पण गोल्डिंगचा आक्षेप माणसाच्या इच्छांना लागू पडतो, शरीराला नाही. पुढच्या मालकाच्या आवडीनिवडी आपल्याला ठाऊक नसल्या, तरी त्याचं हृदय किती करंटने बिघडतं हे पक्कं ठाऊक आहे. माणसाच्या संरक्षणासाठी बसवायच्या आरसीसीबीवर ३० मिलिअँपिअरचा आकडा असतो, तो या शरीराकडे पाहूनच ठरला आहे. ३२ अँपिअरच्या एमसीबीच्या तुलनेत तो जवळजवळ हजारावा भाग झाला. त्यामुळे पावसाळ्यात ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगातून जीवघेणा करंट गेला, तरी एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. एमसीबी असते ती वायर जळू नये म्हणून, माणसासाठी नव्हे. म्हणून अर्थिंग आणि आरसीसीबी यांना भविष्याच्या अनिश्चिततेची सबब चालत नाही. कोळसा-मीठ घातलेला अर्थिंगचा खड्डा, त्यातली पट्टी, उन्हाळ्यात त्यात पाणी ओतायला ठेवलेलं नरसाळं, हे सगळं मालकाला खड्ड्यात घातलेल्या पैशासारखं वाटतं, आणि घराचं बजेट हललं की पहिली कात्री इथेच लागते. अहिंसेचा विचार मानणाऱ्या समाजात हे इतक्या सहज घडावं, याचं मला आश्चर्य वाटतं.

म्हणजे कर्तव्याचे दोन भाग पडतात. शरीरापुरतं जे देणं आहे, ते आजच पूर्ण द्यायचं. इच्छांपुरतं जे आहे, तिथे आपला अंदाज पुढच्यावर लादायचा नाही, फक्त जागा ठेवायची. व्यवहारात ही जागा म्हणजे रिकामा पाइप. अडीच फूट खोल चर, त्यात वाळूचा थर, आजच्या वायरीशेजारी तीन इंची एचडीपीईचा मोकळा पाइप. वळणावर एल्बो न लावता लाँग बेंड, नाहीतर जाड केबल अडकते. आत नायलॉनची दोरी सोडलेली, आणि उंदीर शिरू नयेत म्हणून दोन्ही तोंडांना टोपणं. मुख्य डिस्ट्रिब्युशन बोर्डात, म्हणजे डीबीत, दोन-चार घरं मोकळी. उद्या चार्जरऐवजी दुसरंच काही आलं, तरी मीटरपासून गॅरेजपर्यंत वाट हवीच, आणि पाइप म्हणजे नुसती वाट.

इथे आपल्याच परंपरेतून दोन हरकती येतील. गरज नसलेलं करून ठेवणं हा परिग्रह नव्हे का? आजच सोळा स्क्वेअरचं तांबं पुरून ठेवलं, तर मी ही हरकत मान्य करीन. ती साठवणूक आहे, आणि तीही एका अंदाजावर केलेली. रिकाम्या पाइपात कशाचाच संग्रह नसतो. दुसरी हरकत गीतेच्या नावाने घेतली जाते: कर्म करावं, फळाची चिंता करू नये. पण त्याच गीतेच्या अठराव्या अध्यायात, परिणाम, हानी, हिंसा आणि स्वतःची कुवत यांचा विचार न करता मोहाने आरंभलेल्या कर्माला तामस म्हटलं आहे. फळावर हक्क सांगू नये, याचा अर्थ परिणामाकडे पाहू नये असा होत नाही. आणि या पाइपाचं फळ तर बहुधा दुसऱ्यालाच मिळणार आहे.

खर्चाचं काय? गृहकर्जाच्या हप्त्याखाली दबलेल्या माणसाने न आलेल्यांची काळजी का वाहावी? हा प्रश्न प्रामाणिक आहे. चर नाहीतरी खणला जातोच. त्यात एक पाइप वाढवण्याचा खर्च, नंतर पेव्हर उखडून पुन्हा खणण्याच्या मानाने किरकोळ असतो. तरीही पैसे खरोखरच नसतील तर पाइप सोडावा. अर्थिंग सोडू नये.

बंगला आणि गॅरेज ही मूठभरांची चैन आहे, हेही खरं. पण फ्लॅटच्या पार्किंगमध्ये हेच प्रकरण अधिक कडू होतं. केंद्राने २०१९ साली आदर्श इमारत उपविधींत दुरुस्ती करून पार्किंगच्या वीस टक्के गाड्यांसाठी चार्जिंगची सोय सुचवली. पण ज्या जुन्या सोसायट्यांत केबलची वाटच ठेवलेली नाही, तिथे पहिली इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्याला एनओसीसाठी कमिटीपुढे उभं राहावं लागतं, आणि बांधणाऱ्याने न केलेल्या विचाराची किंमत तो एकटा मोजतो.

तेव्हा घर बांधत असाल, तर चर बुजवण्याआधी वायरमनला थांबवा. भिंतीपासून टेप धरून पाइपाचं अंतर आणि खोली मोजा, फोटो काढा, आणि त्याचा कागद डीबीच्या दाराला आतून चिकटवा.