नाकुरूच्या काठावरचा साक्षी

मुंडकोपनिषदात एकाच झाडावर बसलेल्या दोन पक्ष्यांचे रूपक येते. त्यांतला एक फळ खातो आणि दुसरा काहीही न खाता केवळ पाहत राहतो. शांकर परंपरेनुसार खाणारा म्हणजे कर्मफळ भोगणारा जीव आणि पाहणारा म्हणजे ईश्वर होय. सांख्य दर्शनानेही पुरुषाला, म्हणजे शुद्ध चैतन्याला, साक्षी आणि अकर्ता मानले आहे. पक्षीनिरीक्षणाला निघालेला प्रवासी स्वतःला, बहुधा नकळत, याच दुसऱ्या पक्ष्याच्या जागी कल्पितो, कारण तो काही तोडत नाही, मारत नाही, फक्त दुर्बीण डोळ्यांना लावतो. परंतु अशा अलिप्त पाहण्याला निसर्गात खरोखर जागा आहे काय, हा प्रश्न केनियातील नाकुरू सरोवराच्या काठी टाळता येत नाही.

1968 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेले हे सरोवर खाऱ्या, अल्कधर्मी पाण्याचे आहे. अशा पाण्यात वाढणारे सूक्ष्म नीलहरित शैवाल हे लहान रोहिताचे, म्हणजे लेसर फ्लेमिंगोचे, मुख्य अन्न असून, मान खाली घालून चोच उलटी पाण्यात धरायची, जिभेने पाणी आत-बाहेर ढकलायचे आणि चोचीच्या कडेवरील बारीक पटलांतून ते गाळून घ्यायचे, अशी त्याची खाण्याची रीत आहे. त्याच्या पिसांचा गुलाबी रंगही याच आहारातून येतो. प्रवासी ज्याला दृश्य म्हणतो ते पक्ष्याच्या बाजूने पाहिल्यास निव्वळ जेवण असते.

शिवाय हे दृश्य माणसाच्या हाताविना उभे राहिलेले नाही. डासांना आळा घालण्यासाठी येथे बाहेरून तिलापिया मासा सोडला गेला आणि त्या माशाच्या मागे पांढरे झोळीवाले, म्हणजे पेलिकन, मोठ्या संख्येने येऊ लागले. गेंड्यांसाठी 1987 मध्ये संरक्षित क्षेत्र केले गेले, आणि उद्यानाभोवती विजेचे कुंपण आहे. या साऱ्याचा खर्च काही अंशी प्रवाशाच्या प्रवेशशुल्कातून निघतो. सांख्यांचा पुरुष शुल्क भरत नाही. जो भरतो तो कर्ता आहे, आणि हे कर्तेपण मान्य करणे अलिप्ततेच्या आविर्भावापेक्षा अधिक प्रामाणिक आहे.

या आविर्भावाची खरी कसोटी गेल्या दीड दशकात लागली. सरोवराची पातळी वाढली, काठचे रस्ते पाण्याखाली गेले, खारेपणा उतरला, शैवाल घटले आणि रोहितांचे बहुतेक थवे बोगोरियासारख्या अन्य सरोवरांकडे वळले. पाहायला आलेल्यांची निराशा झाली, आणि निराशा साक्षीला होत नसते, ती भोक्त्यालाच होते. अर्थात प्रत्येक खंत स्वार्थी ठरवणे अन्यायाचे होईल. लहान रोहित संकटसमीप, म्हणजे धोक्याच्या उंबरठ्यावरील, प्रजातींच्या यादीत आहे आणि त्याच्याविषयीची काळजी रास्तच आहे. फक्त ती नाकुरूच्या काठावर रंग दिसतो की नाही एवढ्यापुरती असू नये. ज्याला या पक्ष्याची खरोखर काळजी आहे त्याने आधी टांझानियातील नेट्रॉन सरोवराची विचारपूस करावी, कारण पूर्व आफ्रिकेतील लहान रोहितांची वीण जवळजवळ सर्वस्वी तेथेच होते.